जबरदस्तीने काढा

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची. सामान जागच्या जागी लागलं, गुडघ्यांना तेल चोळून झालं, आणि आता ही वही उघडून बसलेय. वही लेकीनं दिली. म्हणाली, आई, दिवसभर तुझी बडबड ऐकायला मला काही वेळ व्हायचा नाही, तेव्हा हिच्याशी बोल. मी म्हटलं, अगं, चौथीत शाळा सुटली माझी, त्यानंतर लिहिलंय काय तर किराण्याची चिठ्ठी. तर म्हणते कशी, मग तसंच लिही, फक्त साखर-चहापत्तीच्या जागी आमची नावं घाल. जिभेला हाड नाही कार्टीच्या. माझ्यावर गेलीय.

नातीला आज पहिल्यांदा हातात घेतलं. चार महिन्यांची आहे पण वजन असं की मांडी भरून येते. नाव कागदावर काहीतरी मोठं आहे, घरात सगळे ठकी म्हणतात. गालाला गाल लावला तर बाईसाहेबांनी माझ्या चष्म्याची काडी धरली आणि अशी ओढली की मोडलीच! मोडू दे. चष्मे काय, मिळतात. मला इतका आनंद झाला की रडूच आलं, आणि चष्मा नसल्यामुळे ते कुणाला कळलंही नाही, डोळे चोळतेय असंच वाटलं सगळ्यांना.

घर छान आहे. उंचावर आहे, खिडक्यांना काचा आहेत पण त्या उघडत नाहीत, हवा आढ्यातून येते. दारांना कड्या नाहीत. मी आपली दारापुढे उभी राहून कडी शोधतेय, लेक हसतेय. प्रत्येकाच्या मनगटात इथे एक राखाडी कडं असतं, रबरासारखं. कडंवाला माणूस आला की दार आपोआप सरकतं. खोल्याखोल्यांत छताला एक पांढरी डबी लावलीय, तिच्यात हिरवा दिवा. दार, दिवे, नळ, फोन, सगळं त्या डबीच्या मर्जीनं चालतं. ठकीच्यासुद्धा पायात एवढंसं कडं आहे. मला नाही. मी पाहुणी ना. त्यामुळे न्हाणीघरात जायचं तरी कुणाला तरी हाक मारायची; घराचं बाहेरचं दार तेवढं दिवसभर उघडं असतं. या वयात तेवढा दम निघत नाही हो, पण सांगणार कुणाला.

विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, आतल्या खोलीत असतात. पाळणाही तिथेच. मी ठकीला घेतलं की यांची मान लांब होते. म्हणाल्या, तुमच्या हातांना तेलाचा वास येतोय, मुलीला शिंका येतील. मी म्हटलं, माझी लेक याच वासात वाढली, आणि तीच तर तुमच्या घरात दिलीय. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

मंगळवार, ४ तारीख

चष्मा दुरुस्त झाला. वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक चष्मेवाले राहतात, घरातच त्यांचं दुकान. एकटा जीव, पण तोंड माझ्यापेक्षा चालतं. दाताखाली बारीक पेचकस धरूनसुद्धा बोलतात. लेकीनं ओळख करून दिली तर म्हणाले, हिचाही चष्मा त्याच गुंड मुलीनं दोनदा मोडलाय, तिच्या जिवावर माझं दुकान चाललंय. जावईबापूंचाही चष्मा त्यांनीच बनवलेला. मला म्हणाले, आजी, असा घट्ट बसवलाय की नाक गळून पडेल पण चष्मा पडायचा नाही. मी म्हटलं, या वयात नाकापेक्षा चष्म्याचीच गरज जास्त. हसून हसून त्यांच्या तोंडातला पेचकस पडला आणि आम्ही तिघं जमिनीवर रांगत तो शोधत बसलो.

दुपारी जावईबापूंचा डबा घेऊन त्यांच्या कचेरीत गेले, लेकीबरोबर. कचेरी जमिनीखाली, पंख्यांची नुसती घरघर. या इमारतीतल्या झाडून सगळ्या डब्या त्यांच्या ताब्यात. म्हणजे त्यांच्याही नाही, एका मोठ्या यंत्राच्या. त्याला म्हणे कंट्रोलर म्हणतात. सगळ्या डब्या त्याला विचारून वागतात, दार उघडू का, पाणी सोडू का. मी म्हटलं, म्हणजे ही थोरली सासूच की! जावईबापूंना ते इतकं आवडलं की तेही थोरली म्हणायला लागले.

बिचारे दमलेत फार. मालकानं नव्या डब्या मागवल्यात, त्यांची खोकी दाराशी येऊन पडलीत. पण नव्या लावायच्या आधी जुन्या एकेक करून थोरलीच्या हिशेबातून काढायच्या. त्याची पद्धत आहे. आधी डबीला सांगायचं की बाई, तू आता मोकळी. मग ती दाराचं कुलूप सोडते, दार हातानं सरकायला लागतं, आणि ती थोरलीला उलट कळवते की बरं. ते बरं आलं की मगच तिचं नाव पुसायचं. एखादी डबी लवकर उत्तरच देत नाही, मग पडद्यावर चाक फिरत राहतं. तेव्हा जावईबापू कंबर धरून तेवढे मजले चढून जातात. पाठीचं दुखणं आहे त्यांना, लग्नाच्या आधीपासून. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण जाऊ दे.

मी म्हटलं, हे तर मटार सोलण्यासारखं काम, मला शिकवा. जावई हसले नाहीत, बरं का. पडद्यावरची अक्षरं आपल्या भाषेत करून दिली आणि म्हणाले, उद्यापासून या. काम झालं की नव्या डब्यांबरोबर तुमचंही नाव घालू आणि कडं देऊ.

विहीणबाई रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या, बघा हं, चौथी पास इंजिनियर आहेत, जेवढं वाढाल तेवढं खातील.

बुधवार, ५ तारीख

आज मी कामावर गेले! सत्तरी ओलांडल्यावर पहिली नोकरी. खुर्ची फिरते. आधी जरा फिरूनच घेतली.

काम सोपं. मजला निवडायचा, डबीचा आकडा निवडायचा, मोकळी करा म्हणायचं, थांबायचं, बरं आलं की काढा म्हणायचं. पडदा विचारतो, खात्री आहे का? मी प्रत्येक वेळी मोठ्यानं हो म्हणायची आणि मग बटण दाबायची, न जाणो ऐकत असला तर. एकेक नाव पडद्यावरून असं गळायचं जसं पिकलेलं पान. जावईबापू बाजूच्या खोलीत नव्या डब्या उघडत होते. मधूनच डोकावून वा आई, वा म्हणायचे. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला वा म्हटलं नाही. भाजी चांगली झाली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, तीच काय ती पावती.

एकच डबी अडली, वरच्या मजल्यावरची. मोकळी हो म्हटलं तर उत्तर नाही. चाक फिरतंय, फिरतंय. जावईबापूंना हाक मारणार होते, पण ते नेमके पाठ भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. एवढ्यासाठी माणसाला मजले चढायला लावायचं? चाकाच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक बटण होतं. जबरदस्तीने काढा. दाबलं. खात्री आहे का? मी म्हटलं, हो बाई, हो. नाव गेलं. चाक थांबलं. इतकी साधी गोष्ट!

जावयाला बोलले नाही. म्हटलं उद्या सांगेन, जरा भाव खाईन.

गुरुवार, ६ तारीख

सकाळी ठकीला कडेवर घेऊन लेकीबरोबर वर गेले, चष्मेवाल्यांना दाखवायला की बघा तुमची कमावती मुलगी आली. जिन्याच्या तोंडाशी पोचलो तर दारावर आतून थापा. धप, धप. आणि चष्मेवाल्यांचा आवाज, अहो, कुणी आहे का, दार सरकत नाही, पाणी येत नाही, फोन मेलाय.

लेक पुढे चालत गेली. मी म्हटलं, अगं, थांब की, ते अडकलेत. तिनं विचारलं, कोण? मी म्हटलं, चष्मेवाले. ती म्हणाली, कुठले चष्मेवाले? मी दारावर हात ठेवून दाखवलं, हे बघ. तर माझ्या तोंडाकडे अशी बघायला लागली जशी मी तिच्या लहानपणी तिचा ताप बघायची. म्हणाली, आई, इथे भिंत आहे.

मला वाटलं चेष्टा करतेय. हसले मी. ती नाही हसली. आतून माणूस ओरडतोय, आजी, आजीच ना तुम्ही, आणि ही माझ्या कपाळाला हात लावून बघतेय. ठकीसुद्धा दाराकडे बघेना. एरवी कुठे टाचणी पडली तरी मान वळवते.

जिन्यावरून सामान पोचवणारा एक माणूस आला. त्याला म्हटलं, भाऊ, जरा हात लाव. त्यानं खोका या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, आजी, भिंतीला कशाला हात लावू, ती पडत नाहीये.

त्याच्याही हातात कडं होतं. लेकीच्या हातात आहे. ठकीच्या पायात आहे.

माझ्याच हातात नाही.

शुक्रवार, ७ तारीख

जावईबापूंना सरळ विचारायला धीर झाला नाही. आडून विचारलं की समजा एखादी डबी मोकळी न करताच पुसली तर? ते चहा पितापिता सांगत होते, अगदी मजेत. म्हणाले, मग ती डबी हुकमाची वाट बघत बसते. थोरली तिला ओळखत नाही आणि ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. दार बंद ते बंद. परत आणायची तर तिच्या पोटात एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी खुपसून दाबून धरायचं, दिवा लाल लुकलुकेपर्यंत. मग ती नव्या सुनेसारखी थोरलीच्या दाराशी येऊन उभी राहते, मला घ्या म्हणून. इथे आपण घेतलं की झालं.

टोकदार काहीतरी! चष्मेवाल्यांकडे तर इमारतीतला सगळ्यात बारीक पेचकस. मी जवळजवळ पळत वर गेले, गुडघे गेले खड्ड्यात. दाराला तोंड लावून ओरडून सांगितलं. त्यांचा आवाज बसला होता, पण तरी म्हणाले, आजी, छत उंच आहे हो, मी बुटका. मी म्हटलं, टेबलावर स्टूल ठेवा. त्यांनी ठेवलं. चढताना बोलत होते. म्हणाले, बाहेर आलो की तुमच्या चष्म्याला दोरी लावून देतो. मग म्हणाले, पोचला हात. मग म्हणाले, भोक दिसतंय.

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. आणि ते पडल्याचा.

मी हाका मारत राहिले. आधी कण्हत होते. माझ्या शेजारून माणसं जात-येत होती, कुणी नमस्कार केला, कुणी विचारलं, आजी, दमलात का. एका बाईनं मला पाणी दिलं. मी म्हटलं, मला नको, आत द्या. ती म्हणाली, आत कुठे.

नंतर कण्हणं पण नाही.

शनिवार, ८ तारीख

आज जावयाला सगळं सांगितलं. रडत रडत. कोणतं बटण दाबलं तेही दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, कुठले चष्मेवाले, आई?

त्या माणसानं केलेला चष्मा. जावयाच्याच नाकावर.

आणि मग आनंदले. मला म्हणाले, हे बटण मी कधी वापरलंच नव्हतं, भीती वाटायची. तुम्ही बुधवारी दाबलंत आणि आज शनिवार, एक तक्रार नाही. म्हणाले, आई, माझा महिनाभराचा ताप वाचवलात तुम्ही. आता थांबायचं नाही, एका झटक्यात काढायच्या. लोकांनी नावं ठेवायला नकोत म्हणून सुरुवात आपल्याच घरापासून करतो. उद्या सकाळी आईच्या खोलीची.

मी हात जोडले. खरंच जोडले. ते म्हणाले, तुम्ही फार काम केलंत, जरा झोपा.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरला दाखवू.

मग विहीणबाईंकडे गेले. पाळण्याशी बसल्या होत्या. म्हटलं, बाई, उद्या सकाळी या खोलीत थांबू नका, आणि ठकीला तर बिलकूल ठेवू नका, पाळणा बाहेर काढा. का म्हणून विचारलं. जे होतं ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, आल्यापासून बघतेय, तुमचा डोळा पाळण्यावर आहे. भुताटकी कसली सांगता, सरळ म्हणा की नात माझ्या खोलीत हवी.

असा राग आला. मी म्हटलं, मरा मग. आणि आले बाहेर.

असं म्हणाले मी. त्यांना.

रविवार, ९ तारीख, सकाळ

मी ठकीला घट्ट धरून बाहेर बसले होते. दूध पाजायचं म्हणून लेकीनं घेतली. पाजली. मी म्हटलं, आता दे इकडे. ती म्हणाली, झोपलीय, पाळण्यात ठेवते. मी आडवी आले. लेकीनं मला अलगद बाजूला केलं. अलगदच केलं, पण केलं. ठकी आत गेली. लेक बाहेर आली. दार मिटलं.

माझ्यापुढे ते उघडत नाही. मी बसले तिथेच.

जावई खाली गेले, शीळ घालत.

रविवार, जरा वेळानं

दाराला आतून थाप पडली. विहीणबाई. अहो, दार का उघडत नाही.

खरं लिहिते, मला आधी बरं वाटलं. क्षणभरच. म्हटलं, आता कळलं ना.

मग ठकी रडली.

लेक स्वयंपाकघरात होती. धावत गेले. म्हटलं, ठकी रडतेय गं. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, कोण ठकी? गाणं म्हणत होती. झग्यावर छातीशी दोन ओले डाग. तिलाच कळेना कसले. म्हणाली, हे बघ ना आई, पाणी उडालं वाटतं.

पाणी नव्हतं. आत पोर रडली की पान्हा येत होता. तिच्या अंगाला कळतंय, तिला नाही.

रविवार, दुपार

दाराशी बसून लिहितेय. विहीणबाईंना भोक, टोक, सगळं सांगितलं. केसांतला आकडा घ्या म्हटलं. पलंगावर चढा, पण सांभाळून, उशी टाका खाली. त्या रडत होत्या. मला अहो विहीणबाई, अहो विहीणबाई म्हणत होत्या, माझं चुकलं, पोर वाचवा. मी म्हटलं, ते नंतर, आधी दाबा. आणि ठकीला खाली जमिनीवर ठेवा, पलंगावर नको.

दाबलं. लाल दिवा आला म्हणाल्या!

खाली जाते. घ्या म्हणायचं आहे फक्त. एवढंच. ते मला येतं—

रविवार, परत वर

कचेरीचं दार माझ्यासाठी उघडत नाही. हाका मारल्या. जावयानं उघडलं. पडद्यावर आलं होतं, नवीन डबी आली आहे, घेऊ का? दोन बटणं. घ्या. नाकारा.

मी म्हटलं, घ्या. ते म्हणाले, कुठली तरी भटकी डबी असेल, शेजारच्या इमारतीतली, अशा येतात. मी म्हटलं, तुमची मुलगी आहे आत. तुमची आई. ते हसले. म्हणाले, आई, माझी आई जाऊन किती वर्षं झाली.

मी हात घातला. त्यांनी माझा हात धरला, दुखेल असा नाही, आणि दुसऱ्या हातानं—

नाकारा.

खात्री आहे का विचारलं पडद्यानं. ते म्हणाले, हो. माझ्यासारखं, मोठ्यानं. मला हसवायला.

मग म्हणाले, तुमचं कडं राहिलंच की, म्हणून तुम्हाला असं परकं-परकं वाटतं. घातलं मनगटात. निघत नाही. ओढून बघितलं, दातांनी बघितलं. चाक फिरतंय म्हणाले, नाव चढायला जरा वेळ लागेल.

रविवार

दाराशी आहे. दार आहे. लिहून ठेवते, दार आहे, आत ठकी, आत विहीणबाई. विहीणबाई पुन्हा आकडा घेऊन चढल्यात. पुन्हा दाबतायत. मी सांगतेय दाबा, पण खाली घेणार कोण—

थापा मारून तळहात सुजलेत.

कडं गरम होतंय.

ठकी रडतेय. लिहिते. रडतेय. आवाज घोगरा झालाय. उजव्या कानानं नीट येतो. डाव्या कानानं—

आता विहीणबाई तिला काहीतरी म्हणून दाखवतायत. अंगाई असेल. बारीक येतं. मी दाराला कान—

बारीक.

विहीणबाई, मोठ्यानं म्हणा. मोठ्यानं म्हणा हो. ऐकू—

ठकी ठकी ठकी ठकी. लिहीत राहिलं की—

रविवार, संध्याकाळ

कडं मिळालं! दारं आपोआप सरकतात. न्हाणीघरात तर उगीचच दोनदा जाऊन आले. जावईबापू म्हणाले, वा आई.

हात कशानं सुजले कळत नाही. भिंतीशी जमिनीवर बसले होते म्हणे बराच वेळ, गुडघे धरलेत. वर कुणी काय गिचमिड करून ठेवलंय या वहीत, अक्षर माझ्यासारखंच आहे. कोण ही ठकी?

लेकीची तेवढी काळजी वाटते. झगा तिसऱ्यांदा बदलला तिनं, तरी छातीशी ओलंच. मला विचारते, आई, हे काय होतंय गं मला? काय सांगू. डॉक्टरला दाखवायला हवं. अजून मूल नाही की बाळ नाही, आणि हिला—